पूर सांगून येतो, हार्ड डिस्क नाही

नमस्कार. सांगलीत गणपती पेठेत आमची किराणा मालाची घाऊक पेढी आहे. सासरे, मिस्टर, धाकटे दीर, मी आणि दिवाणजी धरून बारा माणसं. उलाढाल सात-आठ कोटींची. सगळा हिशेब टॅलीवर. मागच्या खोलीतल्या एका पीसीला आम्ही सर्व्हर म्हणतो, बिलिंगचे दोन पीसी त्याला जोडलेत. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरायच्या आदल्या रात्री अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तो सीपीयू पोत्यात गुंडाळून विश्रामबागला घरी आणला, म्हणून हिशेब वाचला. दिवाणजी दर शनिवारी पेनड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि तो गल्ल्यात ठेवतात. मागच्या महिन्यात ओळखीच्या एका पेढीत सकाळी पीसी उघडला तर सगळ्या फाइली लॉक झालेल्या आणि पडद्यावर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. आमच्या कॉम्प्युटरवाल्यानं 'डिझास्टर रिकव्हरी' म्हणून साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय, सोबत जोडते. अण्णा म्हणतात, महापुरातून वाचलो, आता काय व्हायचं राहिलंय? मिस्टर म्हणतात, पैसे गेले तरी चालतील, डोक्याला ताप नको. कोणाचं ऐकू?
एक सूनबाई, सांगली

सूनबाई, नमस्कार.

कोटेशन वाचलं. त्यावर आत्ता सही करू नका. नवा सर्व्हर, नेटवर्कवरचा साठवणीचा डबा, बाहेरचा शिरकाव अडवणारी फायरवॉल, अँटिव्हायरस, वर्षभराचा देखभाल करार असं सगळं त्यात आहे. वस्तू वाईट नाहीत. पण सर्व्हर आणि त्याचा बॅकअप घेणारा डबा दोन्ही गणपती पेठेतल्या त्याच मागच्या खोलीत, त्याच मीटरवर आणि त्याच नेटवर्कवर बसणार आहेत. आणि पाच पानांत कुठेही असं एक वाक्य नाही की सगळं बंद पडल्यावर तुमचं पहिलं बिल किती तासांनी निघेल. तुम्हाला विकत घ्यायचंय ते हेच. बाकीचं सामान आहे.

आता अण्णांबद्दल. त्यांना गप्प बसवायला माझं उत्तर वापरू नका, कारण २०१९ ला त्यांनी जे केलं ते अगदी बरोबर होतं. फक्त त्यातून काढलेला निष्कर्ष चुकतोय. कृष्णेचा पूर सांगून येतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते सांगलीत पोराटोरांना ठाऊक असतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. ते चढायला वेळ लागला, त्या वेळात सीपीयू उचलता आला. अख्खं शहर फुटांत मोजायला शिकलंय. पण हार्ड डिस्क मरते तेव्हा आधी कुठलीही पातळी जाहीर होत नाही. फाइली लॉक करणारा व्हायरस तर बऱ्याचदा मुद्दाम रात्रीची किंवा सुट्टीची वेळ साधतो. शॉर्ट सर्किट, चोरी, नोकरी सोडून गेलेला आणि पासवर्ड सोबत नेलेला माणूस, यातलं काहीच पोतं शोधायला वेळ देत नाही. महापूर दहा-पंधरा वर्षांनी येईल असं म्हणायचीही आता सोय राहिलेली नाही, २०२१ च्या जुलैत पुन्हा आलाच. तरीही तुमच्या पेढीला आधी गाठेल ती पुराखेरीजची आपत्ती, असं माझं मत आहे. तयारी तिच्यासाठी करा, पूर त्यात आपोआप बसतो.

अण्णांना एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. हिशेबाचंच सॉफ्टवेअर, आपल्याकडे टॅली असतं तसं. तो 'मर्स्क' या जगातल्या अव्वल जहाज कंपनीत शिरला आणि जगभरातली तिची अनेक टर्मिनलं ठप्प झाली. त्यात न्हावाशेव्याला जेएनपीटीतलं एक टर्मिनलही होतं. कंपनीनं स्वतः नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, हे सांभाळणारे त्यांचे सर्व्हर जगभर एकमेकांची नक्कल ठेवत होते, म्हणून बॅकअपची चिंता कोणी केली नव्हती. व्हायरसनं सगळे एकदम पुसले. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका यंत्रावरून एवढी मोठी कंपनी पुन्हा उभी राहिली.

अण्णांच्या पोत्यातला सीपीयू आणि घानातलं ते यंत्र एकाच कारणानं वाचले, दोघांचीही वायर जणू काढलेली होती. अण्णांनी २०१९ ला एकदा केलं ते आता दर एक-दोन दिवसांनी करायचं, एवढंच माझं म्हणणं आहे. संपूर्ण सीपीयू उचलायची गरज नाही, खिशात मावणारी डिस्क पुरे.

पण डिस्क घ्यायच्या आधी दिवाणजींसोबत तासभर बसा आणि दोन गोष्टी ठरवा. पहिली, किती दिवसांचं काम पुन्हा हातानं भरायची तुमची तयारी आहे? आज बॅकअप शनिवारचा आहे. पुढच्या शनिवारी दुपारी, बॅकअप घ्यायच्या आधी, डिस्क गेली तर आठवडाभराची बिलं, आठवडाभराची वसुली, आठवडाभराचा परत आलेला माल गेला. दुसरी, दुकान किती वेळ बिलाशिवाय चालेल? एक दिवस कळ काढता येईल, पण सणाच्या तोंडावर तीन दिवस बंद राहिलात तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाईल आणि तिथलंच होईल. या दोन उत्तरांवर सगळा खर्च ठरतो. कॉम्प्युटरवाले त्यांना आरपीओ आणि आरटीओ म्हणतात. तुम्हाला ही नावं पाठ करायची गरज नाही. कॉम्प्युटरवाल्यानं ती तोंडावर फेकली तर मात्र 'आमचा एक दिवस आणि चार तास' असं ठणकावून सांगता आलं पाहिजे.

त्याच बैठकीत आणखी एक यादी करा: डेटा गेला तर काय बाहेरून परत मिळेल आणि काय कुठूनच नाही. हा मुद्दा कोणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी या विवरणात दिसते. ई-इनव्हॉइस केलेली विक्री सरकारकडे नोंदलेली आहे. बँकेतली जमा-नावे बँक देईल. पण तालुक्याच्या छोट्या दुकानदारांची उधारी, सेल्समननं रोख आणलेले पैसे, तोंडी दिलेली सूट, स्कीमचा माल, चेक वटायचा राहिलाय तो, हे जगात फक्त तुमच्या टॅलीत आहे. ते गेलं की उधारी समोरच्याच्या इमानावर. सांगलीची माणसं चांगली आहेत, पण त्यांच्या चांगुलपणाची परीक्षा पाहायला लाखांची रक्कम लावू नये. म्हणून रोज संध्याकाळी दुकान बंद करताना पार्टीवार येणे बाकीची यादी छापा आणि ती घरी न्या. कागदावर. अण्णांना हा उपाय सगळ्यांत पटेल आणि या उत्तरातला सर्वांत स्वस्तही तोच आहे.

आता प्रतींचं. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला एक साधा नियम जगभर पाळतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक जागेबाहेर. तुमच्यासाठी त्याचा अर्थ असा. मूळ डेटा पीसीवर आहेच. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, त्यांच्यावर 'क' आणि 'ख' लिहा. आज 'क' दुकानात येते, संध्याकाळी टॅली सगळीकडे बंद करून बॅकअप घेतला की काढून विश्रामबागला जाते. उद्या 'ख'. एका वेळी एकच डिस्क दुकानात आणि तीही बॅकअपपुरतीच जोडलेली. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरचा बॅकअप व्हायरस मूळ फाइलींसोबतच लॉक करतो, मग ती असून नसल्यासारखी. ने-आण अण्णांकडे द्या. नियमाचे पक्के आहेत, विसरणार नाहीत. डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्कचं कुलूप, लावा, म्हणजे रिक्षात विसरली तरी उधारीची यादी दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. त्याची किल्ली कागदावर दोन ठिकाणी ठेवा.

तिसरी प्रत क्लाउडवर. इथे एक गल्लत सर्रास होते. टॅलीचं फोल्डर गुगल ड्राइव्हला जोडून दिलं की बॅकअप झाला असं पुष्कळ लोक मानतात. ते सिंक आहे. इथे फाइल बिघडली की तिकडेही बिघडलेलीच जाते, इथे व्हायरसनं लॉक केली की तिकडेही लॉक झालेलीच. जुन्या आवृत्त्या काही दिवस राहतात हे खरं, गुगल ड्राइव्हवर साधारण ३० दिवस, पण शेकडो फाइली एकेक करून मागं न्यायच्या म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. शिवाय टॅली चालू असताना फाइली उचलल्या तर अर्धवट प्रत जाण्याची भीती. त्यापेक्षा बॅकअपची तारीख घातलेली एकच फाइल रोज वर चढवा आणि त्या खात्याचा पासवर्ड दुकानातल्या पीसीवर साठवू नका. महिनाअखेरची प्रत वेगळी, कायमची. हिशेबातली काही गडबड सहा महिन्यांनी उघडकीला येते, तेव्हा कालची प्रत उपयोगाची नसते. जीएसटी कायद्यानं वह्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्याच आहेत. अपघात किंवा नैसर्गिक कारणानं नोंदी नष्ट झाल्या तर त्या वाजवी वेळात परत मिळतील असा बॅकअप ठेवा, असं नियम ५७ म्हणतो. म्हणजे बॅकअप ही हौस नाही, कायद्यातच लिहिलंय.

कोल्हापूरला कोणी पाहुणे असतील आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवावी असं मनात आलं असेल तर थांबा. २०१९ ला कृष्णा आणि पंचगंगा एकाच वेळी चढल्या होत्या आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ बंद होता. प्रत कोरडी राहील, पण तुमच्या हाती येणार नाही. मोठ्या कंपन्याही यात फसतात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला 'ओव्हीएच' या कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही त्याच आवारात होता.

यापुढचं जास्त महत्त्वाचं. डेटा सुखरूप असूनही पेढ्या अडकतात त्या चाव्यांपायी. टॅलीचं लायसन्स कोणाच्या ईमेलवर नोंदलंय? माझी पैज आहे, कॉम्प्युटरवाल्याच्या, किंवा पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या. जीएसटी आणि ई-वे बिलाचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? अण्णांच्या जुन्या कीपॅडच्या फोनवर येत असेल आणि तो फोन दुकानातच राहिला तर? डिजिटल सहीचा टोकन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे? तो पाण्यात गेला तर सही पुन्हा नव्यानं काढावी लागते. ऑर्डरी येतात त्या व्हॉट्सॲपचं सिम कोणाच्या नावावर? ही सगळी उत्तरं एका कागदावर लिहा, लिफाफ्यात बंद करा, एक घरी आणि एक तुमच्या सीएकडे. नोंदणीचे ईमेल आणि मोबाइल या महिन्यातच पेढीच्या मालकीचे करून घ्या. कॉम्प्युटरवाला कुरकुरला तर तेच त्याला बदलण्याचं उत्तम कारण समजा.

मग तालीम. याशिवाय वरचं सगळं व्यर्थ. एखाद्या रविवारी कोणाचा तरी लॅपटॉप मागून आणा. दुकानातल्या पीसीला हात लावायचा नाही. घरच्या डिस्कवरून, दिवाणजींच्या हातानं, त्या लॅपटॉपवर कालचा हिशेब उभा करा. दीर कॉम्प्युटरात हुशार असतील तर त्यांना त्या दिवशी नरसोबाच्या वाडीला पाठवा, कारण आपत्ती येईल तेव्हा ते गावात असतीलच असं नाही. घड्याळ लावा. शेवटचा बिल नंबर जुळतो का, येणे बाकीची बेरीज छापील यादीशी जुळते का, तुमच्या नमुन्यात बिल छापून निघतं का, एवढं तपासा.

पहिल्या तालमीत अडणारच, त्यासाठीच ती करायची. लॅपटॉपवरचं टॅली जुन्या आवृत्तीचं असेल आणि नवा डेटा उघडणार नाही. लायसन्स नसेल तर टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडेल, आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. १७ तारखेला गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कळण्यापेक्षा रविवारी चहा पिता पिता कळलेलं बरं. डिस्कचा पासवर्ड दिवाणजींना ठाऊक नसेल. प्रिंटरचा ड्रायव्हर मिळणार नाही. प्रत्येक अडचण लिहून ठेवा. तो कागद म्हणजेच तुमची योजना, तिला चकचकीत फाइल लागत नाही. पुढची तालीम मे महिन्यात, पावसाच्या आधी, आणि त्यानंतरची दिवाळीच्या महिनाभर आधी.

हिशेब उभा राहीपर्यंतच्या त्या चार तासांसाठी वेगळ्या क्रमांकमालिकेचं छापील बिलबुक कपाटात ठेवा. नियमात वेगळी मालिका चालते. मात्र तुमची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे, त्यामुळे जीएसटी नोंदणी असलेल्या गिऱ्हाइकाला ई-इनव्हॉइसच लागतो, तिथे हातबिल चालणार नाही. तो सरकारी पोर्टलच्या साधनांतून, मोबाइलच्या इंटरनेटवर दुसऱ्या लॅपटॉपवरून करता येतो. तालमीत तेही एकदा करून बघा. नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानदारांना मात्र हातानं बिल फाडा आणि नंतर टॅलीत चढवा.

तुमच्या ओळखीच्या त्या पेढीसारखी वेळ आलीच तर आधी नेटवर्कची वायर उपटा, वायफाय बंद करा. बॅकअपची डिस्क 'बघू तरी चालते का' म्हणून त्या पीसीला अजिबात लावू नका, उरलेली एकमेव चांगली प्रत लोक नेमकी याच घाईत गमावतात. चिठ्ठीचा फोटो घ्या. फॉरमॅट मारू नका. १९३० या क्रमांकावर किंवा सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. 'सर्ट-इन' या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना ६ तासांच्या आत त्यांनाही कळवायची असते. युरोपोल ही युरोपातली पोलीस संस्था आणि डच पोलीस यांच्या पुढाकारानं २०१६ पासून चालणारा 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम आहे, त्यांच्याकडे काही व्हायरसांच्या चाव्या फुकट मिळतात. तुमच्यावाल्याची असेलच असं नाही. पैसे द्यावेत का? माझं उत्तर नाही. चोरानं किल्ली दिली तरी ती चालेल याची हमी नाही, आणि एकदा दिलेत की देणाऱ्यांच्या यादीत नाव चढतं.

त्या पेढीत व्हायरस आत कसा शिरला असेल याचाही अंदाज सांगतो. घरून टॅली बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून पीसी चालवायची सोय, थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असतो आणि पासवर्ड असतो दुकानाचं नाव आणि १२३. हे तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. पीसीवर अजून विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवलाय, नव्या पीसीवर खर्च करायचं ते एक योग्य कारण. बिलिंगच्या पीसीवर रोजच्या कामाला ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, खातं वापरू नका. आणि फुकटातलं क्रॅक केलेलं काहीही नको.

विम्याची पॉलिसीही एकदा उघडून वाचा. पुरात यंत्र गेलं तर यंत्राची किंमत मिळू शकते. यंत्रातला हिशेब साध्या पॉलिसीत सहसा धरलेला नसतो. आणि डिस्क भिजलीच तर ती सुरू करून पाहू नका, उन्हात वाळवू नका, तशीच डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे द्या.

मिस्टरांचंही अर्धं बरोबर आहे, डोक्याचा ताप कमी करायला पैसे लागतातच. पण दोन डिस्क, एक चांगला यूपीएस, क्लाउडची वर्गणी आणि हाताशी एक सेकंडहँड लॅपटॉप हे साडेचार लाखांच्या फार तर पाचव्या हिश्शात बसतं. ते आधी करा, दोन तालमी होऊ द्या. मग कॉम्प्युटरवाल्याला बोलवा आणि कोटेशनमध्ये चार ओळी लेखी घालायला सांगा: पहिलं बिल किती तासांत निघेल, वर्षातून दोनदा तो तुमच्यासमोर दुसऱ्या यंत्रावर हिशेब उभा करून दाखवेल, ॲडमिन पासवर्ड पेढीच्या ताब्यात राहील, आणि तो पासवर्ड चोराच्या हाती लागला तरी पुसता न येणारी एक प्रत कुठे असेल. या चार ओळींवर सही करायला तो तयार झाला तर फायरवॉलची किंमत कमी करून मागा, त्यात भरपूर मार्जिन असतं.